अजान ऐकू न आलेला रमजान

रमजान दरवर्षी थोडा थोडा मागे सरकतो, हे मला शबानाआपामुळे कळलं. आपल्या सणांना अधिक महिना धरून ठेवतो. दिवाळी कापसातच येते, होळी पळसातच. रमजानला असं कुणी धरून ठेवत नाही, तो चंद्राच्या मागे मागे सगळ्या ऋतूंतून चालत राहतो. आपाच्या लहानपणी तो एकदा ऐन उन्हाळ्यात आला होता. तेव्हा ओलं फडकं डोक्यावर घेऊन ती घरातल्या फरशीवर पडून राहायची. मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षी तो पळस झडत असताना आणि मोह टपकायला लागताना आला. यंदा त्याहून लवकर आला आहे. हरभरा अजून वावरात आहे.

काल देवळीला जाताना बसच्या खिडकीतून हरभऱ्याची धूळ आत येत होती. तोंडावर रुमाल धरला तरी घशात उतरत होती. शेजारी आई बसली होती. वर्ध्याहून देवळी म्हणजे बसायला जागा मिळून जरा टेकतो न टेकतो तोच उतरायची वेळ येते, एवढंच अंतर. पण हे दिवस आले की मला ती वाट फार लांब वाटते. दुपारचं पांढरं ऊन, पानं गळून उघडे पडलेले साग, आणि कुठेतरी मधेच पेटल्यासारखा एकटा पळस. लोक त्याचे फोटो काढतात. मला त्याच्याकडे बघवत नाही.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर तत्त्वज्ञानात एम. ए. करायला घेतलं. प्रबंधाला विषय निवडला, 'इंद्रियं आणि श्रद्धा'. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिलं प्रकरण वाचलं आणि बाजूला ठेवलं. "पुस्तकं पुष्कळ झाली," ते म्हणाले. "आता माणसांकडे जा. जिचा धर्म तुझा नाही, जिचं शरीर तुझ्यासारखं नाही, अशा कुणाजवळ एखादा ऋतू नुसती बसून राहा. प्रश्न कमी विचार."

सरांना हे ठाऊक नव्हतं की तो विषय मी हुशारी दाखवायला घेतला नव्हता. माझा धाकटा भाऊ निखिल अशाच पळसाच्या दिवसांत देवळीहून घरी येताना मोटरसायकलवरून पडला आणि गेला. बाबा आधीच गेलेले. घरात आई आणि मी. त्या दिवसानंतर माझं देवाशी असलेलं बोलणं बंद झालं. भांडण नाही, राग नाही. फोन लावावा आणि पलीकडे घंटीच वाजू नये, तसं. आईचं मात्र तसंच चालू राहिलं. सकाळ-संध्याकाळ ती देव्हाऱ्यासमोर बसायची आणि पुटपुटत राहायची. ओळखीच्या बाईशी बोलावं तसं. निखिलचं नाव मात्र ती कुणासमोर काढत नसे. माझ्यासमोरही नाही. नातेवाईक विषय काढायला लागले की उठून आत जायची. तिला ते बोलणं कसं जमतं, हे मला कळून घ्यायचं होतं. तिलाच विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी अभ्यास काढला.

शबानाआपा माझ्या एका सहकारी बाईंची लांबची नातेवाईक. पन्नाशीची, बिनलग्नाची, भावाच्या घरी राहणारी. तिची नजर शाळेत असतानाच कमी होत गेली आणि विशीनंतर पुरती गेली. पण त्याआधी आजीने तिच्याकडून कुराण पाठ करून घेतलं होतं. आंधळी झाल्यावर तेच तिचं काम झालं. मोहल्ल्यातल्या मुली दुपारी तिच्या खोलीत येऊन बसायच्या, पढायच्या, आणि आपा ऐकून त्यांचे उच्चार दुरुस्त करायची. एखादा स्वर जरा आखूड झाला तरी तिचा हात वर जायचा. त्या खोलीत सारवलेल्या भिंतींचा, खोबरेल तेलाचा आणि मुलींच्या ओढण्यांचा वास असायचा. मागच्या दाराबाहेर छोटं अंगण, आणि अंगणाला लागून कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे रामकलाबाई मडावी राहायची. ती मूळची रोहण्याकडची, गोंड. नवऱ्याबरोबर मजुरीला देवळीत आली आणि इथेच राहिली. माहेरी बहिणीशी फोनवर बोलताना ती गोंडी बोलायची आणि आपा अलीकडे बसून हसायची. "मले एक शब्द समजत नाई," ती मला म्हणाली होती, "पन आयकाले असं गोड लागते, जसं मडक्यातून पानी ओतून राह्यली."

मी गेले तेव्हा आपाच्या कानांनाही उतार लागला होता. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिच्या भावाला सांगितलं होतं की डोळ्यांचं आणि कानांचं मूळ एकच आहे, ते रक्तातूनच आलेलं आहे, आणि त्यावर इलाज नाही. कानातल्या यंत्राने काही वर्षं साथ दिली होती. आता तेही फक्त खरखर करायचं. आपा हे कुणाला सांगत नव्हती. मुलींना म्हणायची, "जोरात पढ बेटा, तुहा आवाज पोटातून काऊन येत नाई?" मुली ओरडून पढायच्या.

माझ्याशी पहिल्याच दिवशी तिने तिच्या श्रद्धेबद्दल जे सांगितलं, ते मी घरी येऊन उतरवून काढलं होतं. "तुमचा देव पाह्यचा असते," ती म्हणाली. "त्याले हार घालता, आरसा दाखवता. आमचा आयकाचा आहे. मले डोळे नाई याचं मले कधी काही वाटलं नाई. अल्लानं माह्या कामाची चीज माह्यापाशी ठेवली." प्रबंधासाठी मला याहून चांगलं वाक्य मिळणार नव्हतं. मी खूश होऊन परतले होते.

रमजान लागून काही दिवस झाले होते. दुपारची वेळ. पत्रे तापून तडतडत होते. एक मुलगी पढत होती, बाकीच्या बसून होत्या. आपा नेहमीसारखी मांडी घालून, मान किंचित डोलवत ऐकत होती. मधेच ती मुलगी अडली. पुढचं तिला आठवेना. तिने आठवायला डोळे मिटून घेतले, ओठ चावला, आणि गप्प झाली. आता आपा सांगेल म्हणून तिच्याकडे बघत राहिली.

आपा मान डोलवत होती.

खोलीत काहीच आवाज नव्हता. पंखा बंद होता, वीज गेली होती. सगळ्या मुली आपाकडे पाहत होत्या आणि आपा त्या शांततेला ताल देत होती. तिच्या चेहऱ्यावर ते ऐकताना यायचं तेच समाधान होतं. मग एकीला हसू फुटलं. ते आपाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण हसताना तिचा गुडघा आपाच्या गुडघ्याला लागला असावा. आपाची मान थांबली. तिने हात पुढे केला, पढणाऱ्या मुलीचं तोंड चाचपलं. ओठ मिटलेले होते. बराच वेळ तिने बोटं तिथेच ठेवली.

"कधीची गप आहेस?" तिने विचारलं.

मुलगी काय बोलली ते तिला कळलं नाही. ती मुलगी रडायला लागली होती.

"जा बेटा," आपा म्हणाली. "आता आपापल्या घरी पढा. दुसरी कोनी शिकवनारी पाह्यजा."

मुलींनी आपल्या चपला घातल्या. जाताना त्यांनी आवाज केला नाही. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. जिला काहीच ऐकू येत नव्हतं, तिच्या घरातून त्या मुली दबक्या पावलांनी गेल्या.

त्यानंतर आपा आमच्याशी बोलायची, पण आम्हाला तिच्याशी बोलायला तिचा तळहात लागायचा. मराठी शाळेत ती अक्षरं शिकली होती. मी बोटाने तिच्या हातावर एकेक अक्षर काढायची, ती ते मोठ्याने म्हणायची. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिचं बोलणं सपाट आणि फार मोठं झालं होतं, रस्त्यावरून जाणारा माणूस थबकावा असं. एका वाक्याला एवढा वेळ लागायचा की बहुतेक वाक्यं बोलावीशीच वाटायची नाहीत. घरातल्या लोकांनाही तेच होत असणार. भाऊ दुकानात, भावजय दिवसभर कामात. त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. पण ज्या माणसाशी बोलायला सगळं काम बाजूला ठेवावं लागतं, त्याच्याशी बोलणं हळूहळू उद्यावर जातं.

असंच एका संध्याकाळी झालं. बाहेरच्या खोलीत पाहुणे होते, भज्यांचा घाणा चालू होता. भावजयीने आपाच्या पुढ्यात खजूर आणि पाणी आणून ठेवलं आणि ती परत चुलीकडे गेली. मशिदीतून अजान झाली. सगळ्यांनी रोजा सोडला. बाहेर हसण्याचा, ताटांचा आवाज सुरू झाला. आपा मागच्या दारात खजूर हातात धरून बसून होती. अजान व्हायची वाट बघत. अंगणात अंधार उतरला तरी ती तशीच.

मी त्या दिवशी तिथे नव्हते. हे मला रामकलाबाईने सांगितलं. ती भिंतीपलीकडे भांडी घासत होती. तिने पाहिलं, आधी तिला वाटलं बाई प्रार्थना करते आहे. मग लक्षात आलं. ती भिंत ओलांडून आली, राखेच्या हातानेच आपाचं मनगट दाबलं आणि तिचा खजुराचा हात तोंडाकडे नेला.

"मले का मालूम अल्लाचं," रामकलाबाई मला म्हणाली. "ते भुकी बसून होती, बाप्पा. सगळे जेवून राह्यले अन् ते एकटी बसून. मले पाह्यवलं नाई."

पुढे रोजच तसं झालं. मशिदीच्या भोंग्यातून आवाज आला की रामकलाबाई हातातलं काम टाकून भिंतीपाशी यायची आणि आपाचं मनगट दाबायची. तिच्या लोकांचा देव झाडात असतो, माहेरच्या रानात एका साजाच्या झाडाखाली तिची सगळी भावकी जमते, असं ती सांगायची. मशिदीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. पण देवळीतल्या एका बाईची अजान त्या महिन्यात तिच्या बोटांतून होत होती. एकदा माहेरून आणलेली मोहफुलं तिने आपाच्या नाकाशी धरली. आपा दचकून मागे सरली, "या अल्ला, रोजाच्या टाईमाले दारू!" असं ओरडली, आणि दोघी हसल्या. त्या महिन्यातलं मला आठवणारं तेवढंच हसणं.

मला वाटलं, माझं शेवटचं प्रकरण सापडलं. एक दार बंद झालं आणि स्पर्शाचं दुसरं उघडलं, असं काहीतरी मी लिहूनही टाकलं. आता आपा आतला आवाज ऐकेल, असं मला वाटत होतं. अशा माणसांबद्दल आपण जे वाचलेलं असतं त्यात असंच घडतं.

ईदच्या काही दिवस आधी मी तिच्या हातावर लिहिलं, नमाज?

"सोडली," ती म्हणाली.

मी तिचा हात तसाच धरून बसले.

"पह्यले मी पढो तं मले माहा आवाज आयकू ये. वाटे, मले येते म्हनजे त्यालेई जात असन. आता मी पढतो अन् काहीच नाई. विहिरीत गोटा टाकला अन् आवाजच नाई आला तं? मंग विहीर आहे का नाई, कसं समजन?" ती त्या सपाट, मोठ्या आवाजात बोलत होती. बाहेरच्या खोलीतून भावजय दारात येऊन उभी राहिली. "रोजा ठेवतो. घरच्याइले वाईट नोको वाटाले. पन आत काही नाई, बेटा. डोळे गेले तवा अंधार झाला होता. आता मीच नाई."

मग तिने विचारलं, "तू काऊन येते माह्यापाशी? खरं सांग. पुस्तकाचं नोको सांगू."

मी तिच्या तळहातावर निखिलचं नाव लिहिलं. मग 'भाऊ'. मग 'गेला'. माझ्या बोटाला घाम आला होता, अक्षरं घसरत होती. तिने प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हटलं, त्यामुळे ते सगळं मलाही ऐकावं लागलं. मग मी लिहिलं, मलाही ऐकू येत नाही.

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं आणि गेलं. सांत्वन झालं असं मी म्हणणार नाही. दोघींपाशी नसलेली गोष्ट एकच होती, एवढंच.

ईदला मी आईला घेऊन गेले. ती पहिल्यांदा नको म्हणत होती. निखिल गेल्यापासून ती देवळीच्या रस्त्याने गेली नव्हती. पण सण आहे, बाईला पाहायचं आहे, म्हणून निघाली. बसमध्ये ती खिडकीकडे पाठ करून बसली. घरी गेल्यावर भावजयीने शिरखुर्म्याच्या वाट्या दिल्या. आपा नवी ओढणी घेऊन खाटेवर बसली होती. मी तिच्या हातावर 'आई' लिहिलं. तिने आईचे हात मागून घेतले.

भावजय पाहुण्यांकडे गेली. मी दाराशी उभी राहिले. आणि आई बोलायला लागली.

आधी मला वाटलं ती काहीतरी औपचारिक बोलते आहे, तब्येतीचं वगैरे. तिला मी सांगितलं होतं की यांना ऐकू येत नाही. मग शब्द कळायला लागले. "माहा पोरगा इकूनच येत होता," आई म्हणत होती. "त्याले मी दही आनाले सांगितलं होतं. त्याच्या पिशवीत दही होतं. ते सांडलं होतं सगळं. पोलिसानं मले पिशवी देली, बाई, ते धुतली म्या. धुवाले नोको होती. त्याचा हात लागला होता तिले." ती थांबली नाही. निखिल लहानपणी कसा बोलायचा, त्याला ताप आला की तो कुणाच्या कुशीत शिरायचा, त्या सकाळी तो काय खाऊन गेला. इतक्या वर्षांत जे तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, ते ती एका अशा बाईला सांगत होती जिच्यापर्यंत त्यातलं काहीही पोचत नव्हतं. तिला ते माहीत होतं. म्हणूनच ती बोलू शकत होती.

आपा चेहरा वर करून बसली होती. आईचे हात तिच्या हातांत थरथरत होते. जरा वेळाने ती म्हणाली, "रडून राह्यली का वं? पोराचं?"

आईने तिच्या हातात डोकं टेकवलं.

परतीच्या बसमध्ये मी आईला विचारलं. त्या महिन्याने मला एवढं धाडस दिलं होतं. "देव्हाऱ्यापाशी तू बोलतेस, ते कुणी ऐकतं असं वाटतं तुला?"

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मले नाई माहीत. म्या कधी पाह्यलं नाई आयकते का नाई ते."

त्यानंतर ती अधूनमधून एकटीच देवळीला जायला लागली. दोघी काय करायच्या ते मी विचारलं नाही. माझा प्रबंध पुरा झाला. शेवटचं प्रकरण मी फाडून टाकलं आणि त्याजागी मला निष्कर्ष काढता आलेला नाही असं लिहिलं. सरांनी ते ठेवू दिलं. आपाने नमाज पुन्हा सुरू केली नाही. दर रमजानला तिचा रोजा सुटायच्या वेळी रामकलाबाई भिंतीशी यायची आणि आपा हात पुढे करायची, पण खजूर तोंडात घालताना ती काही म्हणत नसे.

यंदाच्या थंडीत आपा गेली. न्यूमोनिया झाला होता. आम्हाला निरोप मिळाला तोवर तिला कबरस्तानात नेलं होतं.

काल गेलो ते तिच्या भावजयीला भेटायला. आपाच्या खोलीत आता कांद्याची पोती आहेत. आम्ही आल्याचं कळल्यावर रामकलाबाईही आली आणि दाराशी टेकून बसली. भावजय सांगत होती की शेवटी शेवटी आपा कुणाला ओळखत नव्हती, हात हातात घेतला तरी काढून घ्यायची. मग म्हणाली, "एक मात्र होतं. आखरीच्या दिवशी तिचे ओठ हालत होते. सकाळपासून."

मी विचारलं, "पढत होत्या का?"

"म्या कान लावला तोंडाले. श्वास येत होता फक्त. पढत होती का बोलत होती, का नुसतेच हालत होते, मले नाई समजलं, ताई. ह्यांनी सगळ्यांले सांगितलं, कलमा पढत गेली. मी काही बोलली नाई."

रामकलाबाईने पदराने डोळे पुसले. मला आईकडे बघायचं नव्हतं, पण पाहिलं. आई कांद्याच्या पोत्यांकडे बघत होती आणि तिचा चेहरा कुणी तिचं बोलणं मधेच तोडावं तसा झाला होता.

"माहं सगळं तिच्यापाशी होतं," ती म्हणाली.